गेलेल्या माणसावर चार ओळी लिहायच्यात? आधी कोणाशी बोलताय ते ठरवा

दहाव्याला वाचायला काहीतरी लिहून दे, पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत टाकायला चार ओळी दे, निदान स्टेटसला तरी दे... घरात कोणी थोडंफार लिहिणारं असलं की हे काम हमखास त्याच्या गळ्यात पडतं. मग रात्री बसून जे लिहिलं जातं त्यात काळाने झडप घातलेली असते, नियती निष्ठुर झालेली असते, आठवणींचा झरा अखंड वाहत असतो आणि शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली. यात खोटं काही नसतं हो, लिहिणाऱ्याला खरंच भरून आलेलं असतं, पण नाव झाकलं तर हे कोणाबद्दल चाललंय याचा पत्ता लागत नाही. फ्लेक्सवाल्याने फोटो बदलला की तोच मजकूर पुढच्या गिऱ्हाइकाला चालतो.

तर हे जरा बरं कसं जमवायचं ते सांगतो. त्यासाठी नवीन काही शोधायला नको, मराठीत दुःखाच्या आणि वेडाच्या गाण्यांचा सातशे वर्षांचा साठा पडलाय, फक्त तो "किती सुंदर, डोळ्यात पाणी आलं" असं म्हणून पुढे न जाता, गाण्यातली बाई किंवा बुवा नेमकं काय करतायत ते बघत वाचायचा. मी बघतो ती पहिली गोष्ट म्हणजे बोलणं कोणाशी चाललंय. आपण लिहायला बसलो की पहिलाच शब्द "बाबा, तुम्ही" नाहीतर "आई, तू" असा येतो ना? टिकून राहिलेली गाणी काढून बघा, त्यातली बरीचशी गेलेल्याशी बोलतच नाहीत. दारात आलेल्या कोणा तिसऱ्याशीच बोलतात.

बहिणाबाई चौधरींचं घ्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या (जन्म 1880), लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं, गाणी पुस्तकात आली ती त्या गेल्यावर, 1952 ला. त्यांच्या ह्या चार ओळी बहुतेकांना शाळेपासून माहीत असतात:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुसीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

आता यात नवऱ्याचं नाव नाही, तो कसा होता ते नाही, "तुम्ही गेलात" नाही, रडूसुद्धा नाही. कपाळावर कुंकवाखाली नशिबाची रेघ लपलेली होती, कुंकू गेलं आणि ती दिसायला लागली, एवढंच. कपाळ अगदी जवळून बघितल्याशिवाय हे सुचत नाही. आणि गाणं संपतं कुठे, तर ज्योतिषापाशी, "नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू". म्हणजे सगळं मन मोकळं केलंय ते हात बघायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता पाठवता! त्याच काळजातलं दुसरं गाणं बघा, "आता माझा माले जीव", ते शेवटी आयाबायांना सांगतं की माझी कीव करू नका. परत तेच, जो समाचाराला आलाय त्याच्याशी बोलणं.

आता इंदिरा संत. पतीबरोबर मिळून 1940 ला "सहवास" हा कवितासंग्रह काढला, 1946 ला पती ना. मा. संत गेले, मग 1951 ला एकटीच्या नावावर "शेला" आला. त्यांची पावसाची कविता गाण्यामुळे घराघरात गेलीय, "नको नको रे पावसा, असा धिंगाणा अवेळी". गंमत बघा, खानदेशातली न शिकलेली शेतकरीण आणि बेळगावची शिकलेली प्राध्यापिका, दोघीही "नको नको रे" हेच पाच अक्षरी पाऊल टाकतात, एकीपुढे जोतिषी, दुसरीपुढे पाऊस. इंदिराबाई पावसाला काय काय सांगतात, घर गळकंय, कौलांवर नाचू नकोस, ठेवायला भांडी कुठून आणू, नेसूचं जुनेर भिजवू नकोस, म्हणजे निव्वळ घरातली तक्रार चाललीय असं वाटत राहतं, आणि मग एकदम मागणी येते की वाटेवरी माझा सखा आहे, त्याला माघारी आण ना. आधीच्या भांड्याकुंड्यांमुळे ही ओळ लागते. ती पहिल्यांदा आली असती तर स्टेटसच झालं असतं.

तुम्ही म्हणाल, गावाकडे मयताजवळ बायका हेल काढून रडतात त्या तर गेलेल्याशीच बोलतात. बरोबर आहे, बोलतात, आणि त्याच्यासारखं भेदक दुसरं काही नाही, त्यात सगळा हिशोब येतो, कधी काय आणलं, कोणी काय बोललं, लुगडं कोणतं घेतलं होतं... पण तिथे समोर देह असतो आणि सगळं गाव ऐकत असतं. दहाव्या दिवशी कागदावर लिहिताना समोर कोणी नाही, तिथे "तू गेलास" लिहिलं की ते हवेत जातं.

म्हणून मी सांगतो ते असं करून बघा. आधी कविता लिहूच नका. माणूस गेल्यानंतर दारात कोण कोण आलं, फोन कोणाचा आला, त्याची यादी काढा. बँकेतला माणूस, दूधवाला, विम्यावाला, पेपरवाला ज्याला अजून माहीत नाही, शेजारचं पोर जे विचारतंय आजोबा कुठेत. मग घरातल्या कोणत्या गोष्टी आता चुकीच्या झाल्यात ते लिहा, म्हणजे दोन कपांचं आधण, औषधाचा डबा, त्यांच्या मापाची चप्पल वगैरे. चप्पल-चष्मा सगळेच लिहितात, तो मोह टाळा. जरा अलीकडचं आणि अडचणीचं शोधा.

उदाहरणार्थ गॅस सिलेंडर. कनेक्शन वडिलांच्या नावावर, नंबर त्यांचा, त्यामुळे ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर येतो. हे कितीतरी घरांत होतं आणि कोणी त्याच्यावर कविता करत नाही. पहिला खर्डा नेहमीसारखा असणार, समजा असा:

बाबा तुम्ही गेलात सोडून
घर हे सुने सुने झाले

चांगलंय, पण कोणाचेही बाबा. आता बोलणं फिरवा. सिलेंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा आहे, आकडा मागतोय, त्याच्याशी बोला:

नका विचारू हो दादा
ओटीपी तो कुठं आला
फोन त्यांचा उशापाशी
चार्जिंगला लावलेला

फार थोर नाही, मला माहितीय. पण यात गेले, वारले, सोडून गेले असा एकही शब्द नाही आणि तरी कळतं. शिवाय उशापाशी फोन चार्जिंगला लावणारं कोणीतरी त्या घरात अजून आहे, हेही कळतं आणि ते कोण हे मी सांगितलेलं नाही. इथेच थांबायचं. पुढे "आठवणींचा उजेड" वगैरे पाचवी ओळ सुचतेच, ती खोडायची.

छंदाबद्दल थोडं, कारण लोक घाबरतात. वरच्या ओळी मोजा, प्रत्येकीत आठ अक्षरं. बहिणाबाईंच्या चारही ओळी आठ-आठ, इंदिराबाईंचा "नको नको रे पावसा" आठ. ही अष्टाक्षरी आपल्या कानात लहानपणापासून बसलेली असते. मात्रा-गण काही येत नसलं तरी बोटं मोजून जमतं, जोडाक्षर एकच धरायचं. तिकडे जात्यावरच्या ओव्या बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात आईबाप गेल्यावर तुटलेल्या माहेराचं दुःख किती आहे बघा. ते दळता दळता गायलंय, हात चालू आहे. दुःखाचं गाणं म्हणजे संथच पाहिजे, मागे सारंगी रडली पाहिजे, हा समज सिनेमाने करून दिलाय. वारकऱ्याची अंत्ययात्रा बघितली असेल तर माहीत असेल, टाळ-मृदंग चालू असतो, चाल चांगली उडती असते, आणि तरी माणसं डोळे पुसत चालत असतात.

आता जरा अवघड प्रकार, उलटं बोलण्याचा. तुकोबांचा हा अभंग पहिल्यांदा वाचला की माणूस दचकतोच:

बाईल मेली मुक्त झाली । देवें माया सोडविली ॥
पोर मेलें बरें झालें । देवें मायाविरहित केलें ॥

पोर मेलें बरें झालें! असं कोणी म्हणतं का. काही लोक याचा अर्थ लावतात की संत होते, विरक्त होते, त्यांना काही वाटलं नाही. मला हे पटत नाही, कारण त्याच तुकोबांनी दुसरीकडे आपली हकीकत सांगताना लिहिलंय, "दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". हा 1630 च्या सुमाराचा मोठा दुष्काळ. त्या "अन्न अन्न" मध्ये बघा काय आहे. शब्द दोनदा आलाय, कारण ती बाई तो दोनदा, शंभरदा म्हणाली असणार, तिचा आवाजच त्या ओळीत राहिलाय. ज्याच्या कानात हे बसलंय तोच माणूस "मुक्त झाली" म्हणतोय. दोन्ही अभंग शेजारी ठेवून वाचा, एकट्या पहिल्यावरून मत बनवू नका. आणि हेही बघा की पहिला अभंग माणसाशी चाललेला नाही, "विठो तुझें माझें राज्य" असं विठ्ठलाशी बोलणं आहे. त्यात भक्ती आहेच, पण मला त्यात "घे, आता कोणी उरलं नाही मधे" असा एक घुस्साही ऐकू येतो. हे माझं वाचन, तुमचं वेगळं असू शकेल.

स्वतः लिहिताना हा प्रकार फक्त स्वतःच्या दुःखावर वापरा. दुसऱ्याच्या घरच्या मयतावर "बरं झालं सुटली" हे लिहून दिलंत तर तुमची खैर नाही. आजारपणात खूप सोसलेल्या माणसाबद्दल घरचेच असं बोलतात ते वेगळं, ते तुम्ही टिपून घेऊ शकता, पण ज्याने म्हटलंय त्याच्याच तोंडी ठेवा.

वेड कसं दाखवायचं, हा मला सगळ्यात रस असलेला भाग. नवखे लोक वेड दाखवायचं म्हटलं की वाक्यं तोडतात, टिंबं टिंबं टाकतात, हा हा हा हसवतात, केस पिंजारतात. उलट करायचं असतं. वाक्य पूर्ण शहाणं ठेवायचं आणि एकच गोष्ट चुकीची ठेवायची.

गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची (1885–1919) "राजहंस माझा निजला" ही कविता याच्यासाठी मुद्दाम वाचा. नवरा नुकताच गेलेली तरुण आई, मांडीवर एकुलतं एक मूल, ते गेलंय, लोक न्यायला आलेत. आणि ती त्यांना काय सांगते? "करूं नका गलबला अगदीं, लागली झोंप मम बाळा". झोपलेल्या बाळाची कोणतीही आई पाहुण्यांना जे सांगेल तेच ती सांगतेय. गोंगाट करू नका, आधीच त्याला झोप कमी, उठला तर खेळायला लागेल. एकूण एक वाक्य बरोबर आहे, तर्क कुठे चुकत नाही, फक्त बाळ जिवंत नाही. आपल्याला ते माहितीय, भोवतीच्या लोकांना माहितीय, तिला माहीत आहे की नाही हे कवितेत शेवटपर्यंत लोंबकळत राहतं आणि सगळी ताकद त्या लोंबकळण्यात आहे. भाषा आज जुनी वाटते, अलंकार जास्त वाटतात, कबूल. पण सांगाडा बघा. इथेही ती मुलाशी बोलत नाही, आलेल्या लोकांशी बोलतेय, बघितलंत ना!

कुसुमाग्रजांच्या "नटसम्राट" मध्ये (1970) गणपतराव बेलवलकर घर मागतात तेव्हाही हेच. माणूस घर मागतोय, यात वेड काय? फक्त ते म्हणतात की एका तुफानाला कुणी घर देता का. बाकी मागणी अगदी रीतसर आहे.

याच्या बरंच आधी, तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांनी विराण्यांमध्ये, म्हणजे विरहाच्या अभंगांमध्ये, हे करून ठेवलंय. "घनु वाजे घुणघुणा" लताबाईंच्या आवाजात, हृदयनाथांच्या चालीत ऐकलं असेल. त्यातली विरहिणी सख्यांना सांगते की चंदनाची चोळी माझं अंग पोळतेय, फुलांची शेज आगीसारखी पोळतेय, लवकर विझवा, कोकिळेला गप्प करा. गार ते गरम लागतंय, गोड ते नकोसं, म्हणजे इंद्रियं उलटी झालीत, इथपर्यंत विरहाच्या गाण्यात नेहमी येणारंच आहे. आणि मग शेवटाला:

दर्पणी पाहतां रूप न दिसे वो आपुलें ।
बापरखुमादेवीवरें मज ऐसें केलें ॥

आरशात बघितलं तर माझं रूपच दिसत नाही. किती साधं बोललीय, तक्रारीच्या सुरात, आरसा खराब झालाय असं सांगावं तसं. त्याचा अध्यात्मातला अर्थ वेगळा आणि मोठा आहे, कीर्तनकार तो तास तास सांगतात, पण माणूस गेल्यावर सकाळी आरशापुढे उभं राहून स्वतःची ओळख न पटणं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना अर्थ समजावणारं पुस्तक वाचायची गरज पडत नाही.

लिहिण्यापुरती युक्ती एवढीच, की एक चुकीची गोष्ट निवडा आणि ती चुकीची आहे हे चुकूनही सांगू नका. वर त्या सिलेंडरच्या ओळींत फोन चार्जिंगला लावलेला आहे, ते याच जातीचं, जरा सौम्य. "वेडी आशा" असा शब्द तिथे टाकला असता तर सगळं पाणी.

एक मधेच सांगून टाकतो, कवितेतलं वेड वेगळं आणि घरातलं वेगळं. माणूस गेल्यावर कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगून काय करू असं बोलत असेल तर त्याच्यावर कविता करत बसू नका, डॉक्टरकडे न्या, किंवा टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

कारण नसलेलं दुःख हा अजून एक प्रकार, त्यावर जास्त बोलत नाही. बालकवींच्या दोन ओळींत सगळं आलंय, "कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला". लोकांना इथे कारण घालायची फार हौस, प्रेमभंग घाल, पाऊस घाल. नका घालू. कळेना तर कळेना.

कवी भा. रा. तांब्यांचं "जन पळभर म्हणतील हाय हाय" पुण्यस्मरणाला वाचायची पद्धत आहे आणि ते छानच आहे, पण लक्षात घ्या की ते जाणाऱ्याने स्वतःबद्दल म्हटलेलं आहे. सगेसोयरे डोळे पुसतील आणि परत कामाला लागतील, हे मरणारा म्हणाला तर मोठेपणा, आणि घाटावर माइकवरून जावयाने म्हटलं तर भांडण. कोण बोलतंय हे बघूनच उसनं घ्यायचं.

राहता राहिलं प्रत्यक्ष वाचणं. दशक्रियेला घाटावर प्रवचन असतं, मग राजकीय लोकांची श्रद्धांजलीची भाषणं, कावळ्याकडे सगळ्यांचं लक्ष, ऊन चढलेलं, त्यामुळे आठ ओळींच्या वर काही नेऊ नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, मोबाईलवरून वाचू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि नेमका तेव्हाच फोन येतो. आदल्या रात्री मोठ्याने वाचून बघा, जिथे आवाज अडकतो ती ओळ बहुतेक बरोबर असते, तिला हात लावू नका, आणि जिथे आवाज आपोआप नाटकी होतो ती काढा. स्वतःला वाचता येणार नाही असं वाटलं तर चुलतभावाला, भाचीला आधीच सांगून ठेवा. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातात मात्र कागद देऊ नका, तो तुमच्या चार ओळींच्या आधी काळाचा घाला आणि नंतर ईश्वर मृतात्म्यास शांती देवो हे स्वतःच्या पदरचं जोडतोच.